मुक्याच्या चड्डीचं ठिगळ

आमच्या मुक्याला जनाची नव्हतीच, आता मनाचीही राहिलेली नाही. नाहीतर जित्या आईला चारचौघांत, चारचौघांत कसलं, अख्ख्या जगाच्या देखत मारून टाकताना त्याची जीभ जरा तरी अडखळली असती.

मुक्या म्हणजे माझा एकुलता एक मुलगा. चार वर्षांचा होईपर्यंत तोंडातून अक्षर फुटलं नाही, म्हणून घरात मुक्या नाव पडलं. आता तो परराष्ट्रमंत्री आहे आणि बोलण्याचाच पगार खातो. देवालाही कधीकधी थट्टा सुचते.

झालं असं की दोन शेजारी देश वर्षभर एकमेकांच्या उरावर बसले होते. एक डोंगरातला, एक खाडीकाठचा. मी त्यांना डोंगरवाले आणि खाडीवाले म्हणते. मध्ये एक नदी, नदीवर एक पूल, आणि पूल कुणाचा यावरून हाणामारी. आमचा मुक्या समेट करायला मध्ये पडला. आज इकडे उडतोय, उद्या तिकडे. उतरला की माइक, चढला की माइक. खाडीवाल्यांच्या विमानतळावर शिडी उतरला आणि म्हणाला, "माझी आई लोकांचे कपडे सांधायची. आई म्हणायची, फाटलं म्हणून कापड टाकून देऊ नये, ठिगळ लावावं."

सांधायची! म्हणायची!

अरे, मी अजून सांधते. अजून म्हणते. दिवसातून दहा वेळा म्हणते, ऐकायला तू नसतोस इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली, रस्त्याकडे दार असलेली. मी खिडकीशी बसून एका वकिलाच्या काळ्या कोटाला सिगारेटने पडलेलं भोक भरत होते. दारात वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे. हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, चेहरा असा पाडलेला की जणू त्यांचेच दात कुणी उपटलेत.

मला बघून त्यांच्या हातातला गुच्छच खाली आला. "काकू... तुम्ही?"

"मी नाही तर कोण, माझं भूत? भूत असते तर रात्रीच तुमच्या उशाशी येऊन बसले असते. कवळी देतो म्हणून दोन महिने झाले."

"नाही, म्हणजे, साहेब टीव्हीवर म्हणाले, आई म्हणायची..."

"साहेबांना व्याकरण कमी आहे. फुलं ठेवा तिथे, आणलीच आहेत तर. आणि कवळीचं बघा."

दुपारपर्यंत सहा जण येऊन गेले. एकीने तर दारातूनच हुंदका काढला. मला बघितल्यावर तो परत कसा गिळावा हे तिला कळेना, शेवटी उचकी लागली. मी तिला पाणी दिलं. स्वतःच्या मरणाला आलेल्या बाईला पाणी द्यायची वेळ कुणावर येऊ नये.

पण खरं सांगते, मारलं याचा मला एवढा राग नव्हता. एक ना एक दिवस जायचंच आहे. राग होता तो ठिगळाचा.

मी रफू करते. बेचाळीस वर्षं रफू करते. शाळा मी चौथीत सोडली, पण कापडाचा धागा मला वाचता येतो. रफू म्हणजे काय, ते ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. कपडा शिवताना शिवणीच्या आतल्या अंगाला थोडं जास्तीचं कापड सोडतात. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. पुढेमागे माणूस जाडा झाला, पोर वाढलं, तर शिवण उसवून तेवढी माया बाहेर काढता येते. चांगला शिंपी भरपूर माया ठेवतो, चिकट शिंपी ठेवत नाही. रफूचा धागा त्याच मायेतून काढायचा. त्याच कापडाचा, त्याच रंगाचा, तेवढाच विटलेला. मग भिंग लावून आधी उभे धागे भरायचे, मग आडवे, एक वरून एक खालून, मूळच्या विणीसारखे. झालं की कापड उजेडात धरायचं. भोक कुठे होतं ते मला सापडलं, तर मी उसवून परत करते. गिऱ्हाइकाला तर सापडायचा प्रश्नच नाही.

आणि ठिगळ? ठिगळ म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी कापडाचा तुकडा वरून चिकटवायचा आणि चारी बाजूंनी टाके मारून मोकळं व्हायचं. दुकानाच्या दारावर माझी पाटी आहे, पहिल्या दिवसापासून तीच: येथे रफू करून मिळेल. ठिगळ लावून मिळणार नाही. आणि माझ्या पोटचा पोरगा जगाला सांगतो, आई ठिगळ लावायची!

मी फोन केला. त्याच्या ऑफिसात एक सेक्रेटरी आहे. आवाज असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडेल. म्हणाली, "साहेब वाटाघाटीत आहेत. काही निरोप?"

"सांगा, त्यांची आई वर पोहोचली. तिथून बोलतेय. इथे सगळं ठीक आहे."

ती मग म्हणाली, "निरोप लिहून घेतलाय, मॅडम." लिहून घेतला असणार, त्या बाईचा काही नेम नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण तिसऱ्या दिवशी बातमी आली आणि माझं हसू पळालं.

डोंगरवाल्यांचा मंत्री टेबलावरून उठून गेला होता. का, तर त्यांच्या पेपरात कुणीतरी मुक्याचं वाक्य धरलं. फाटलेलं कापड कोण आणि ठिगळ कोण? भाषण खाडीवाल्यांच्या जमिनीवर केलं, म्हणजे कापड खाडीवाले, मग ठिगळ आम्हीच की! त्यांचा मंत्री म्हातारा, मिशाळ, मानी. तो म्हणाला, "आम्ही कुणाच्या फाटक्या बुडाला लावायचं ठिगळ नाही," आणि विमानात बसून घरी.

माझ्या दुकानात माझ्याशिवाय आणखी एक बाई बसते. ती काज करते, म्हणून सगळा रस्ता तिला काजवाली म्हणतो. कुठलाही शिंपी आपला भारी कोट तयार झाला की काज करायला आमच्याकडे पाठवतो, मशिनवर करत नाही. तिचा हात तसा आहे. सतरा वर्षं आम्ही एकाच खिडकीच्या उजेडात बसतोय. ती बोलते कमी, मी तिच्या वाटचंही बोलते.

काजवालीचा मुलगा ट्रक चालवतो. अकरा आठवड्यांपूर्वी आपल्याकडून सलाइनच्या बाटल्या भरून अठरा ट्रक त्या पुलावरून निघाले होते, दवाखान्यांसाठी. डोंगरवाल्यांनी ते पुलाच्या पलीकडे अडवून ठेवले, ड्रायव्हरांसकट. अठरांतला एक तिचा. एकदा कुणाच्या तरी फोनवरून त्याचे चार शब्द आले होते, ठीक आहे, काळजी करू नको. त्यानंतर काही नाही. त्या आठवड्यात ड्रायव्हर सोडायच्या कागदावर सही होणार होती. टेबलावरून मंत्री उठला, तो सही न करताच उठला.

हे मला टीव्हीवरून कळलं. काजवालीलाही तिथूनच कळलं, माझ्या शेजारी बसून. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तीही कामाला लागली. तासाभराने तिने एक शर्ट माझ्या मांडीवर ठेवला, काही न बोलता. पुरुषाचा शर्ट, पांढरा, नवाकोरा, आणि काज उजव्या पट्टीवर. सहाच्या सहा. पुरुषाच्या शर्टाला काज डाव्या बाजूला असतात हे ती झोपेतही सांगेल. सतरा वर्षांत एक काज चुकला नव्हता. आणि काज चुकला की दुरुस्ती नाही. हाताच्या काजाला आधी कापड कापायचं असतं, टाके नंतर. कापलं ते कापलं.

"मावशी," ती म्हणाली, "भरून द्याल का?"

"देते. त्यात काय."

"साहेबांनी मुद्दाम नाही केलं हो ते."

मला कुणी शिव्या घातल्या असत्या तर मी दुप्पट घातल्या असत्या, त्याची मला सवय आहे. पण असल्या समजूतदारपणाची नाही. मी शर्टाच्या खालच्या दुमडीतून धागे ओढायला घेतले आणि पहिल्यांदाच सुईत धागा ओवताना माझा हात तीनदा चुकला.

दुपारी मुक्याचा फोन आला. मागे पाण्याचा धो धो आवाज.

"आई, हॉटेलच्या न्हाणीघरातून बोलतोय. नळ सोडलाय, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"नळ बंद कर आधी. पाणी काय तुझ्या बापाचं आहे?"

"आई, हेरगिरी असते इथे."

"असू दे. ऐकू दे त्यांना. आईच्या शिव्या ऐकून कुणाचं राज्य बुडत नाही. बंद कर."

नळ बंद झाला. मंत्री असला तरी नळ बंद झाला.

"तू मेलेली नाहीस हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "ते भाषण लिहिणाऱ्या पोरीनं लिहिलं. तिनं विचारलं, तुमच्या आई काय करायच्या? मी सांगितलं..."

"करायच्या! पुन्हा करायच्या!"

"बरं, करतात. ते राहू दे आता. आई, मी अडचणीत आहे. म्हातारा परत यायला तयार नाही. मी जाहीर खुलासा करावा म्हणतोय. पण खुलासा काय करू? ठिगळ म्हणजे वाईट नाही, कापडापेक्षाही भारी असतं, असं म्हटलं तर खाडीवाले उठून जातील. म्हणतील, म्हणजे आम्ही फाटके? आगीतून फुफाट्यात. आणि शब्द मागे घेतो म्हटलं, तर आपल्याच देशातले लोक माझा राजीनामा मागतील."

"मग खरं सांग की. माझ्या आईनं उभ्या जन्मात ठिगळ लावलं नाही, मी बोललो ते चुकलं. पाटीचा फोटो दाखव."

 

"लावलंस, आई," तो हळूच म्हणाला. "मला लावलंस."

मी मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला.

"दुसरीत होतो. चड्डीला, मागे. निळी चड्डी आणि वर राखाडी चौकोन. खेळताना शर्ट वर गेला की पोरं खिडकी म्हणायची त्याला. सहा महिने तू मला शर्ट खोचू दिला नाहीस. रोज दारात उभी राहून मागून शर्ट खाली ओढायचीस आणि मग सोडायचीस."

मला आठवत नव्हतं असं नाही. न आठवायची सवय केली होती.

सांगते. त्याचे वडील जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ते पोस्टात पत्रं वेगळी करायचे. त्यांच्यामागे मी पुढच्या खोलीत दुकान थाटलं, पाटी लावली. रोज अठरा तास लोकांची भोकं भरत होते. मुक्याने शाळेच्या फाटकावरून उडी मारली आणि चड्डी मागून फाटली, वीतभर. रफू करायला घेतली, उसवून बघते तर आत मायाच नाही. दरवर्षी पोर वाढतंय म्हणून मी बाजूची काढली, खालची काढली, कमरेची काढली, सगळी संपवली होती. धागा काढायचा कुठून? आणि सकाळी शाळा. खुंटीला त्यांचा कोट होता, राखाडी, लोकरीचा. आमच्या घरात तेवढं भारी कापड दुसरं नव्हतं. मोठा झाला की मुक्याला होईल म्हणून कसर लागू न देता जपलेला. त्या कोटाच्या खालच्या दुमडीत चार बोटं माया होती. शिंप्यानं मन मोकळं करून ठेवलेली. त्यातला तुकडा कापला आणि चड्डीला लावला.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तसली गत. दारावर पाटी, आणि दारातून बाहेर पडणाऱ्या माझ्याच पोराच्या बुडावर ठिगळ. गिऱ्हाइकांनी बघितलं असतं तर त्या वेळी धंदा बुडाला असता. म्हणून शर्ट बाहेर.

"मास्तर मारायचे तुला, शर्ट खोचला नाही म्हणून," मी म्हटलं. "मला शेजारणीनं सांगितलं होतं. तू नाही कधी बोललास."

"रोज दोन छड्या. आठवड्याला बारा."

"मग सांगायचं नाहीस का त्यांना?"

"तू म्हणालीस ना, कुणाला दिसता कामा नये."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या दुकानातल्या शिंप्याची सायकल होती.

मग तो खाकरला, आणि मुक्या राहिला नाही, मंत्री झाला. "आई, मला एक सुचतंय. हे सांगतो. फाटकी चड्डी माझी होती, बूड माझं होतं, त्यात कुठलाच देश नव्हता. माझ्यावर हसले तर हसू देत. हसला माणूस की परत यायला त्याला वाट मिळते. पण मग तुझी पाटी... सगळ्या जगाला कळेल, आई. तुझ्या गिऱ्हाइकांना, समोरच्या शिंप्याला. सांगू का?"

तुम्हाला वाटेल, यात विचारायचं काय. अठरा ड्रायव्हर एकीकडे आणि एका म्हातारीची पाटी एकीकडे. पण मला ते तसं लगेच वाटलं नाही, हे कबूल करते. माझ्याकडे दुसरं काय आहे? शाळा नाही, इस्टेट नाही, मुलगा मंत्री आहे पण तो मतदारांचा. माझं म्हणून जे काही आहे ते त्या पाटीच्या दोन ओळींत आहे. समोरचा शिंपी तर बेचाळीस वर्षं माझ्या एका ठिगळाची वाट बघतोय.

काजवाली मान खाली घालून बसली होती. ती सगळं ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं करत होती. हातात सुई होती आणि सुईत धागा नव्हता. नुसतीच सुई कापडातून आत-बाहेर चालली होती.

"सांग," मी म्हटलं. "पण सांगायचं तर नीट सांग. चड्डीत माया उरली नव्हती म्हणून ठिगळ लावलं, आळसानं नाही. आणि तुकडा कुठल्या कोटाचा होता तेही सांग. चिंधी नव्हती ती."

"कोटाचा? कुठल्या?"

त्याला ते माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा उरलेला तुकडा. मी सांगितलं. "खुंटीवरचा?" एवढंच त्यानं विचारलं. मग न्हाणीघराच्या दारावर कुणीतरी टकटक केलं आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो टीव्हीवर उभा राहिला. हातात कागद नव्हता. मागे दोन्ही देशांचे झेंडे, दोन्ही भाषांचे दुभाषे काचेच्या खोलीत बसलेले. दुकानात मी, काजवाली, कवळी घेऊन आलेले डॉक्टर, आणि दारात समोरचा शिंपी. तो सहज आल्यासारखा उभा होता, पण त्याच्या दुकानाचं दार त्यानं ओढून घेतलं होतं.

"तीन दिवसांपूर्वी मी आईचं एक वाक्य सांगितलं," मुक्या म्हणाला. "त्यात दोन चुका झाल्या. पहिली, माझी आई हयात आहे. हे मला तिनं स्वतः कळवलं."

पत्रकार हसले.

"दुसरी चूक. ती रफू करते. ठिगळ तिनं आयुष्यात एकदाच लावलं, आणि ते माझ्या चड्डीला, मागच्या बाजूला. ते कापड फाटकं होतं, त्या कापडात मी होतो, त्यात कुठलाही देश नव्हता. मी शोधलं, पण दुसऱ्या देशाला तिथे जागा नव्हती."

आता हॉल खदखदला. डॉक्टर हसले. समोरचा शिंपीही हसला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मनातल्या मनात त्याची कातडी सोलली.

"रफूला कापडात माया लागते," मुक्या पुढे म्हणाला. आता तो हसत नव्हता. "माझ्या चड्डीत माया उरली नव्हती. आईनं सगळी वापरून टाकली होती. माझे वडील वारले होते. त्यांचा कोट खुंटीला होता. त्या कोटात माया होती. आईनं त्यातली घेतली. हे मला काल कळलं. मी शांतता कशी करायची ते सांगायला आलो होतो, आणि मला माझ्याच चड्डीची गोष्ट पुरती माहीत नव्हती. एवढंच सांगायचं होतं."

आणि उतरला. त्याला एवढं थोडं बोलताना मी टीव्हीवर कधी बघितलं नव्हतं.

आता पुढची गंमत. आम्ही ज्याला माया म्हणतो, ते शिवणीतलं जास्तीचं कापड, त्याला डोंगरवाल्यांच्या भाषेत वेगळाच शब्द आहे. त्यांच्या दुभाष्याला तो ठाऊक नव्हता. बिचाऱ्यानं आयुष्यात उसवून कपडा बघितला नसणार. त्याला माया म्हणजे जीव, प्रेम, एवढंच माहीत. त्यानं सरळ तसंच सांगितलं. म्हणजे मिशाळ म्हाताऱ्यानं त्याच्या भाषेत ऐकलं ते असं: चड्डीत प्रेम उरलं नव्हतं. मेलेल्या बापाच्या कोटात होतं. आईनं त्यातलं घेतलं.

मुक्याच्या ऑफिसातले लोक कपाळाला हात लावून बसले. चड्डीत प्रेम! म्हणे आता जगभर हसं होणार, चूक दुरुस्त करून पाठवा. दुरुस्तीचा कागद तयारही झाला. तेवढ्यात डोंगरवाल्यांकडून निरोप आला. त्या गुळगुळीत आवाजाच्या सेक्रेटरीनेच मला फोन करून वाचून दाखवला, आणि वाचताना पहिल्यांदाच तिचा आवाज घसरला:

"आमच्यातही प्रेम उरलेलं नाही. शेजाऱ्यांत तर नव्हतंच. पण दोन्हीकडे मेलेल्यांचे कोट पुष्कळ आहेत. सोमवारी येतो."

मी तिला सांगितलं, दुरुस्तीचा कागद फाडा. चुकलेला धागा कधीकधी बरोबर बसतो, तिथे सुई लावायची नसते.

सोमवारी म्हातारा आला. तीन दिवस काय बोलले कुणास ठाऊक. चौथ्या दिवशी टीव्हीने पूल दाखवला. एकामागोमाग एक ट्रक, धुळीने माखलेले. काजवाली टीव्हीच्या इतकी जवळ गेली की मला दिसेना. ती बोट लावून मोजत होती. अकराव्या ट्रकला तिनं बोट काढलं नाही. टीव्हीवर तो ट्रक गेला, पुढचा आला, तोही गेला, तरी बोट तिथेच.

"टपावरचा हॉर्न मोडलाय त्याचा," ती म्हणाली. "डावीकडचा आरसा पण."

"तो दिसला का पण?"

"आरसा मोडलाय," ती परत म्हणाली, आणि मग खाली बसली.

आणखी दोन दिवसांनी, भर दुपारी, आमच्या रस्त्यावर तीन काळ्या गाड्या लागल्या. समोरच्या शिंप्याची सायकल कुणीतरी उचलून बाजूला ठेवली, तेवढंच मला बरं वाटलं. मुक्या आत आला. बरोबरचा बंदूकवाला दारात उभा राहायला लागला, त्याला मी स्टूल दिलं, उजेड अडत होता.

मुक्या वाळला होता. डोळ्यांखाली काळं. कोटाच्या बाहीचं बटण लोंबत होतं. मी कोट काढून घेतला आणि बटणाला टाके मारायला लागले. तो काजवालीच्या खुर्चीवर बसला, कारण ती रिकामी होती.

"काजवाली कुठाय?"

"डेपोवर. आज ट्रक येणार. पहाटेच गेलीय. मी म्हटलं, दुपारी येणार आहेत. म्हणाली, असू दे."

त्यानं मान हलवली. पाण्याचा पेला एका दमात संपवला. पाटीबद्दल तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही. एवढं सांगते की त्या आठवड्यात तीन अनोळखी बायका पोरांच्या चड्ड्या घेऊन आल्या होत्या, ठिगळ लावून द्या म्हणून. पाटीकडे बोट दाखवून मी त्यांना परत पाठवलं.

"आई, तह काही झाला नाही," तो खुर्चीत मागे टेकून म्हणाला. "सहा फेऱ्या झाल्या, कागदावर एक ओळ नाही. पूल कुणाचा ते आहे तिथेच आहे. घरचे पेपर विचारतायत, एवढं हिंडून मिळवलं काय? खरं आहे त्यांचं. मिळवलं काय, नुसते अठरा ट्रक."

मी धागा दातानं तोडला. कवळी चांगली बसली होती. कोट झटकून त्याच्या मांडीवर टाकला आणि त्याच्या समोर उभी राहिले.

"मुक्या, नीट ऐक, दुसऱ्यांदा सांगणार नाही. ज्या खुर्चीवर बसून तू आत्ता नुसते म्हणालास, त्या खुर्चीवर एक बाई अकरा आठवडे काळजी गिळून बसली होती. तिला जाऊन सांग तुझं नुसते. आहे हिंमत? तुझा तह होईल तेव्हा होईल. तुझ्या हातून नाही झाला तर दुसऱ्या कुणाच्या होईल, आणि मी तेव्हा नसले तरी चालेल. पेपरवाले काय म्हणतात ते पेपरवाल्यांकडे. मी काम बघून बोलते, आणि बेचाळीस वर्षांत कुणाच्या कामाला उगाच बरं म्हटलेलं नाही, हे तुला माहीत आहे. तू काम चांगलं केलंस. माझ्या दुकानात नोकरीला असतास, तर मी तुला ठेवून घेतलं असतं."